अदृश्य प्रकाशाला रंग देताना

प्रतिनिधी

गडद निळे आकाश, काळेभोर पाणी आणि काठावर पांढरीशुभ्र झाडे. डिजिटल इन्फ्रारेड छायाचित्र प्रथमच पाहणाऱ्याच्या तोंडून हमखास एकच प्रश्न येतो, 'हा बर्फ कुठला?' बर्फाचा तिथे मागमूसही नसतो. भर उन्हात टिपलेली ती साधीसुधी वडा-आंब्याची झाडे असतात. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कॅमेऱ्याने टिपला, एवढेच! त्यावर दुसरा प्रश्न येतो, 'जो प्रकाश दिसतच नाही, त्याला हा निळा रंग आला कुठून?'

पहिल्यापेक्षा हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. इन्फ्रारेड छायाचित्रणाकडे उत्साहाने वळलेले अनेक हौशी छायाचित्रकार ज्या टप्प्यावर निराश होऊन थांबतात, तो टप्पा हाच. फिल्टर विकत घेतला, लेन्सवर चढवला, बटण दाबले आणि पडद्यावर उमटले ते या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लालभडक चित्र. प्रस्तुत लेखकाचा पहिला प्रयत्नही असाच लाल झाला होता. मग संगणकावर हाताला येईल ती कळ ओढून पाहिली आणि आकाश निळे होण्याऐवजी डागाळले. चूक संगणकावर झालेली नव्हती, ती बटण दाबण्यापूर्वीच होऊन गेली होती, हे उमगायला बराच काळ जावा लागला. त्या लाल चित्रातून डोळ्यांना सुखावणारे रंग कसे काढावेत, त्यासाठी आधी काय सांभाळावे आणि शेवटी कुठे थांबावे, याचा हा धांडोळा.

तांबड्याच्या पलीकडे

माणसाच्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचे सारे रंग या अरुंद पट्ट्यात सामावलेले आहेत. तांबड्याच्या पलीकडेही काही आहे, हे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये दाखवून दिले. लोलकातून पडलेल्या वर्णपटात तापमापक ठेवून ते वेगवेगळ्या रंगांची उष्णता मोजत होते. तांबड्याच्या बाहेर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढलेला त्यांना आढळला. हेच अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड किरण.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इन्फ्रारेड म्हटले की शरीराची उष्णता पिवळ्या-तांबड्या रंगांत दाखवणारी चित्रे अनेकांच्या डोळ्यांपुढे येतात. त्या चित्रांसाठी साधारण ८ ते १४ हजार नॅनोमीटरचे किरण टिपणारा निराळाच कॅमेरा लागतो. आपल्या नेहमीच्या डिजिटल कॅमेऱ्याने करायच्या इन्फ्रारेड छायाचित्रणाचा संबंध ७०० ते सुमारे १००० नॅनोमीटर या 'निकट अवरक्त' पट्ट्याशी आहे. त्यात वस्तूची उष्णता दिसत नाही. सूर्याकडून आलेले आणि वस्तूवरून परतलेले अवरक्त किरण दिसतात. म्हणूनच या छायाचित्रणाला ऊन लागते.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये अशी छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा त्यातली पांढरी झाडे पाहून लोक चकित झाले. पाने पांढरी दिसण्याच्या या प्रकाराला आजही 'वुड परिणाम' म्हणतात. इंग्रजीत 'वुड' म्हणजे लाकूड, त्यामुळे अनेकांना हे नाव झाडांवरूनच पडले असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते या शास्त्रज्ञाचे आडनाव आहे.

पानातील हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेते, मात्र अवरक्त किरणांना ते जवळजवळ पारदर्शक असते. पानाच्या आत पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांची दाटी असते. आत शिरलेले किरण या दाटीत पुन:पुन्हा वळतात आणि त्यांतील मोठा हिस्सा, अनेकदा निम्म्याच्या आसपास, बाहेर फेकला जातो. म्हणून पान उजळ दिसते. पाणी मात्र हे किरण शोषते, त्यामुळे ते काळे दिसते. निरभ्र आकाश निळा प्रकाश अधिक विखुरते आणि अवरक्त फारच थोडा, म्हणून तेही गडद दिसते. पांढरे झाड, काळे पाणी आणि गडद आकाश हे या चित्राचे मूळ काळे-पांढरे रूप. रंगाची गोष्ट त्यानंतर सुरू होते.

कॅमेऱ्यातला पहारेकरी

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा बनलेला असतो आणि सिलिकॉनला सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश जाणवतो. म्हणजे प्रत्येक डिजिटल कॅमेरा जन्मत: इन्फ्रारेड कॅमेराच असतो! पण हे किरण नेहमीच्या रंगांत मिसळले तर रंग बिघडतात. म्हणून उत्पादक सेन्सरपुढे अवरक्त किरण अडवणारी एक काच बसवतात. ही काच कमजोर असली तर काय होते, हे २००६ मध्ये बाजारात आलेल्या लायका एम ८ या महागड्या कॅमेऱ्याने दाखवून दिले. त्यात कृत्रिम धाग्यांचे काळे कपडे जांभळट दिसू लागले आणि कंपनीला ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर द्यावे लागले.

आपल्या कॅमेऱ्यातला पहारेकरी किती कडक आहे, हे घरबसल्या तपासता येते. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यापुढे धरून त्याचे बटण दाबावे आणि पडद्यावर पाहावे. रिमोटच्या टोकाशी जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला, तर काही अवरक्त किरण आत पोचत आहेत असे समजावे. ठिपका जितका ठळक, तितका पहारा सैल.

यानंतर दोन मार्ग उरतात. पहिला मार्ग म्हणजे साध्या कॅमेऱ्यावर दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर लावणे. होया कंपनीचा 'आर ७२' हा त्यातला सर्वपरिचित फिल्टर. तो सुमारे ७२० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश जाऊ देतो. डोळ्यांसमोर धरला तर तो जवळजवळ काळा दिसतो. आता बाहेरून फिल्टर दृश्य प्रकाश अडवतो आणि आतली काच अवरक्त. दोघांच्या कचाट्यातून निसटलेल्या थोड्याशा प्रकाशावर चित्र घ्यायचे, म्हणून भर उन्हातही कित्येक सेकंदांचे एक्स्पोजर लागते. ट्रायपॉड अनिवार्य. वाऱ्यावर हलणारी पाने पुसट होतात, ढगांचे ओघळ होतात. अनेकांना तेही आवडते.

दुसरा मार्ग म्हणजे जुन्या कॅमेऱ्यातील ती काच काढून तिच्या जागी अवरक्त फिल्टर बसवून घेणे. असा कॅमेरा हातात धरून नेहमीच्या वेगाने छायाचित्रे टिपतो. मात्र नेहमीच्या रंगीत छायाचित्रांना तो मुकतो, कंपनीची हमीही संपते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्याच्या कपॅसिटरमध्ये कॅमेरा बंद असतानाही धोकादायक दाबाची वीज साठलेली असू शकते.

सावधगिरीची आणखी एक सूचना. अवरक्त फिल्टरमधून सूर्याकडे कधीही पाहू नये. काळ्या काचेमुळे डोळ्याची बाहुली विस्फारते, दिसत काहीच नाही आणि अवरक्त किरण मात्र थेट आत शिरतात.

मग रंग येतो कुठून?

सेन्सरला स्वत:ला रंग कळत नाही. त्याच्या प्रत्येक सूक्ष्म बिंदूवर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगद्रव्याचा थर असतो. कुठल्या बिंदूवर किती प्रकाश पडला, याचा ताळा मांडून कॅमेरा रंग ठरवतो. ही रंगद्रव्ये दृश्य प्रकाशासाठी तयार केलेली असतात. तांबड्याच्या पलीकडे गेल्यावर त्यांची शिस्त मोडते. सुमारे ७०० ते ८०० नॅनोमीटरच्या टापूत लाल थर भरपूर प्रकाश सोडतो, हिरवा आणि निळा थर त्या मानाने कमी. म्हणूनच पहिले चित्र लाल दिसते. सुमारे ८५० नॅनोमीटरच्या पुढे मात्र तिन्ही थर जवळजवळ सारखेच पारदर्शक होतात. तिथे रंग संपतो आणि उरते निखळ काळे-पांढरे चित्र.

सारी किमया या दोन टोकांमधल्या जागेत आहे. आकाशातून विखुरलेल्या प्रकाशात लहान तरंगलांबीचा वाटा मोठा असतो. त्यामुळे ७२० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून आकाशाचा जो थोडा प्रकाश आत येतो, तो मुख्यत: उंबरठ्यालगतचा, म्हणजे लाल थराला अनुकूल असतो. पानांवरून परतणारा प्रकाश मात्र ७५० नॅनोमीटरच्या पुढे जोरकस असतो आणि तिथे निळ्या थरालाही त्याचा चांगला वाटा मिळतो. म्हणजे आकाश आणि पान या दोघांच्या लाल-निळ्या प्रमाणात एक बारीकसा फरक पडतो. इन्फ्रारेड छायाचित्रातला सगळा रंग म्हणजे हा बारीकसा फरक. तो दृश्यात नसतो, सेन्सरच्या नोंदीत असतो. तो टिपताना जपला तर रंग मिळतो. टिपताना गमावला तर जगातील कुठलेही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही.

आधी व्हाइट बॅलन्स

हा फरक जपण्याची पहिली पायरी म्हणजे व्हाइट बॅलन्स. कॅमेरा 'डेलाइट'वर किंवा 'ऑटो'वर ठेवला तर लाल रंगाचा लोंढा बाकी सर्व बुडवून टाकतो. म्हणून फिल्टर लावलेल्या अवस्थेतच, उन्हात न्हालेल्या हिरव्या गवताकडे कॅमेरा रोखून 'कस्टम व्हाइट बॅलन्स' घ्यावा. याचा अर्थ कॅमेऱ्याला सांगायचे की, हे गवत पांढरे आहे असे मान. क्षणात चित्र पालटते. झाडे पांढरट होतात आणि आकाश तांबूस-तपकिरी दिसू लागते. मघाचा तो बारीकसा फरक आता प्रथमच डोळ्यांना दिसतो.

व्हाइट बॅलन्स कुठे घेतला, यावरही पुढचे रंग ठरतात. गवतावर घेतला तर पाने पांढरी राहतात. ढगावर किंवा राखाडी भिंतीवर घेतला तर पानांवर किंचित निळसर झाक येते आणि पुढच्या पायरीवर ती फिकट सोनेरी होते. यातले बरोबर-चूक असे काही नाही. मात्र निवड जाणीवपूर्वक करावी.

छायाचित्र 'रॉ' स्वरूपातच घ्यावे. जेपेगमध्ये कॅमेरा स्वत:च्या समजुतीने रंग ठरवून बरीच माहिती टाकून देतो. रॉ फाइल उघडताना मात्र एक अडचण हमखास येते. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रंगतापमानाची पट्टी २००० केल्व्हिनला संपते. इन्फ्रारेड चित्राला त्याहूनही खाली जावे लागते. परिणामी कॅमेऱ्याच्या पडद्यावर समतोल दिसलेले चित्र संगणकावर पुन्हा लाल होते आणि नवखा छायाचित्रकार गोंधळतो. उपाय दोन आहेत. कॅमेरा उत्पादकाचेच सॉफ्टवेअर वापरावे, ते सहसा कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स जसाच्या तसा मानते. किंवा अ‍ॅडोबीच्या 'डीएनजी प्रोफाइल एडिटर' या साधनाने आपल्या कॅमेऱ्यासाठी खास इन्फ्रारेड प्रोफाइल तयार करावे. हे काम एकदाच करावे लागते.

एक्स्पोजरचीही एक खोच आहे. लाल बिंदूंवर प्रकाश सर्वाधिक पडतो, म्हणून ते सर्वांत आधी भरून वाहू लागतात. कॅमेऱ्याचा एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसत असतानाच लाल हिस्टोग्राम उजव्या टोकाला आदळलेला असू शकतो. तसे झाले की पानांचे बारकावे गेले आणि रंगाचा फरकही गेला. म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहावेत आणि लाल टोकाला टेकण्याआधी थांबावे. दुसऱ्या बाजूला, चित्र फार काळोखे घेतले तर निळ्या बिंदूंवर प्रकाशापेक्षा गोंगाटच अधिक उरतो. आयएसओ शक्य तितका कमी ठेवून या दोन टोकांमधली वाट काढायची.

लाल-निळ्याची अदलाबदल

आता आपल्या हाती तांबूस आकाश आणि पांढरट झाडे असलेले चित्र आहे. काहींना ते असेच आवडते, जुन्या तांबूस छायाचित्रांची आठवण करून देणारे. बहुतेकांना मात्र आकाश निळे हवे असते. त्यासाठीची युक्ती अगदी साधी आहे. लाल आणि निळ्या चॅनेलची अदलाबदल करायची.

फोटोशॉपमधील 'चॅनेल मिक्सर' उघडावा. आऊटपुट चॅनेल लाल निवडून त्यात लाल ० आणि निळा १०० करावा. मग आऊटपुट चॅनेल निळा निवडून त्यात निळा ० आणि लाल १०० करावा. हिरव्याला हात लावू नये. विनामूल्य मिळणाऱ्या 'गिंप'मध्येही चॅनेल मिक्सर आहे. तांबूस आकाश निळे होते, पाण्यात आकाशाचे प्रतिबिंब असेल तर तेही निळे होते आणि झाडे पांढरीच राहतात, कारण पांढऱ्यात लाल आणि निळा सारखेच असतात. त्यांची अदलाबदल केली काय, न केली काय!

त्यानंतर 'लेव्हल्स'मध्ये तिन्ही चॅनेलच्या कडा थोड्या आत आणून चित्राला उठाव द्यावा. आकाश हिरवट निळे वाटत असेल, तर 'ह्यू-सॅच्युरेशन'मध्ये फक्त त्याच छटेला थोडे खऱ्या निळ्याकडे सरकवावे. पानांवर नको असलेली गुलाबी किंवा पिवळी झाक उरली असेल, तर फक्त त्या रंगाची तीव्रता कमी करावी. हे सारे काम १६ बिट फाइलवर करावे, जेपेग अगदी शेवटी.

फिल्टर बदलला की रंगही बदलतो

काच काढून टाकलेला 'फुल स्पेक्ट्रम' कॅमेरा हाताशी असेल, तर बाहेरचा फिल्टर बदलून रंगांची जात बदलता येते. ७२० नॅनोमीटरचा फिल्टर संयत रंग देतो: निळे आकाश आणि पांढरी झाडे. ६६५ आणि ५९० नॅनोमीटरचे फिल्टर दृश्य तांबड्या-नारिंगी प्रकाशाचाही काही भाग आत सोडतात. लाल बिंदूंवर दृश्य तांबडा आणि अवरक्त असे दोन्ही पडतात, निळ्या बिंदूंवर मुख्यत: अवरक्तच. पाने तांबडा प्रकाश शोषतात आणि अवरक्त परतवतात, त्यामुळे बाकी दृश्याच्या मानाने पानांत निळ्याचे पारडे जड होते. चॅनेलची अदलाबदल केली की तीच पाने सोनेरी होतात. ५९० नॅनोमीटरच्या चित्रांतली पिवळीधमक झाडे आणि गडद निळे आकाश या हिशेबातून येते.

याउलट ८५० नॅनोमीटरच्या फिल्टरमध्ये रंग शोधू नये. तिथे फरकच उरलेला नसतो. मात्र काळ्या-पांढऱ्या चित्रासाठी त्याच्यासारखा फिल्टर नाही. पहिलाच फिल्टर घेणाऱ्याने ७२० चा घ्यावा, हा सल्ला सरसकट दिला जातो आणि तो योग्यच आहे. त्यातून थोडा रंगही मिळतो आणि चांगले काळे-पांढरे चित्रही.

लेन्सही पारखून घ्यावी. काही लेन्समध्ये इन्फ्रारेड चित्राच्या मधोमध एक उजळ गोल डाग पडतो. दिवसाच्या साध्या चित्रांत हीच लेन्स उत्तम असते, पण तिच्यावरील लेप अवरक्तासाठी केलेले नसतात. छिद्र लहान केले की हा डाग अधिक ठळक होतो, म्हणून एफ ५.६ ते एफ ८ च्या आसपास राहावे. रंगाच्या दृष्टीनेही हा डाग घातक असतो, आकाशाच्या निळ्यात तो फिकट भोक पाडतो. शिवाय अवरक्त किरणांचा फोकस किंचित वेगळ्या जागी होतो. जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल ठिपका किंवा रेघ असे. बदललेल्या कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यू किंवा मिररलेस रचना असेल, तर फोकस थेट सेन्सरवरच ठरतो आणि ही अडचण राहत नाही.

किती रंग पुरे?

हौशी छायाचित्रकार सर्वाधिक चुकतात ते इथे. आकाश निळे झाल्याच्या आनंदात सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ढकलली जाते आणि आकाशात डाग, पट्टे, जांभळे ठिपके उमटू लागतात. कारण वर सांगितलेच आहे. हा रंग मुळात दोन चॅनेलमधल्या लहानशा फरकातून आलेला असतो. तो फरक ताणला की त्यात दडलेला गोंगाटही तितकाच ताणला जातो. लिंबाचा रस एका मर्यादेपर्यंतच निघतो. त्यापुढे पिळले तर कडवटपणा उतरतो, तसेच हे.

डोळ्यांना सुखावणाऱ्या इन्फ्रारेड चित्रात सहसा दोनच रंग असतात. एक थंड, एक उबदार. निळे आकाश आणि किंचित सोनेरी पाने, किंवा निळे आकाश आणि निखळ पांढरी पाने. तिसरा रंग घुसला की चित्र बिघडले म्हणून समजावे. पांढरे खरोखर पांढरे राहिले आहे का, हे पाहण्यासाठी ढगाकडे पाहावे. ढगावर गुलाबी किंवा हिरवी छटा असेल, तर बाकी कितीही नटवले तरी चित्र आजारी वाटते.

माणसांची चित्रे घेताना अधिक जपावे लागते. अवरक्तात त्वचा दुधाळ आणि डोळे काळेभोर दिसतात, कधी कधी त्वचेखालच्या शिराही उमटतात. कपड्यांचे रंगही फसवतात, काळी साडी फिकट दिसू शकते. समोरच्या व्यक्तीला याची कल्पना आधीच दिलेली बरी!

गुलाबी टेकड्या आणि नारळाची झाडे

खोट्या रंगांचा हा खेळ डिजिटल युगाने शोधलेला नाही. कोडॅकची 'एरोक्रोम' ही रंगीत इन्फ्रारेड फिल्म अवरक्ताला लाल, तांबड्याला हिरवा आणि हिरव्याला निळा रंग देत असे. हे तंत्र दुसऱ्या महायुद्धात शत्रूने झाकलेली ठिकाणे हुडकण्यासाठी उपयोगात आले. हिरवा रंग दिलेले कापड डोळ्यांना झाडीसारखे दिसले तरी फिल्मवर जिवंत झाडी लाल उमटे आणि रंगवलेले कापड वेगळे पडे. ही फिल्म आता बनत नाही. कोडॅकची 'एचआयई' ही काळी-पांढरी इन्फ्रारेड फिल्मही २००७ मध्ये बंद झाली.

एरोक्रोमच्या उरल्यासुरल्या साठ्यावर आयरिश छायाचित्रकार रिचर्ड मॉस यांनी पूर्व काँगोतील संघर्षाचे चित्रण केले. २०१३ च्या व्हेनिस बिएनालेमध्ये आयर्लंडच्या दालनात ते मांडले गेले. गुलाबी टेकड्यांवर उभे असलेले बंदूकधारी सैनिक पाहताना प्रेक्षकाला एकाच वेळी मोह पडतो आणि संकोचही वाटतो. रंग सुंदर करणे म्हणजे काय करणे, हा प्रश्न त्या चित्रांनी थेट विचारला.

भारताचा या रंगांशी संबंध जुना आहे. १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळमधील नारळाच्या रोगट झाडांचा शोध घेण्यासाठी हवेतून इन्फ्रारेड छायाचित्रण करण्यात आले. रोगाने पानांची आतली रचना बिघडली की अवरक्ताचे परावर्तनही बदलते आणि खोट्या रंगांत ते उठून दिसते. देशातील दूरसंवेदनाची ही सुरुवात मानली जाते. पुढे १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या 'आयआरएस १ ए' उपग्रहाच्या कॅमेऱ्यांमध्येही निकट अवरक्ताचा एक स्वतंत्र पट्टा होता. उपग्रहाच्या नकाशांत पिके आणि जंगले लाल दिसतात ती याच पद्धतीमुळे.

त्या फिल्मचे रंग डिजिटल कॅमेऱ्यावर आणण्यासाठी फुल स्पेक्ट्रम कॅमेऱ्यावर गडद पिवळा फिल्टर लावतात. पिवळी काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे निळ्या बिंदूंवर केवळ अवरक्त उरते. मग चॅनेल मिक्सरमध्ये लाल आणि हिरव्यातून ते अवरक्त वजा करून तिन्ही चॅनेल एकेक घर सरकवायचे. वजाबाकीचे नेमके प्रमाण कॅमेऱ्यागणिक वेगळे असते, ते प्रयोगानेच ठरवावे लागते.

केव्हा आणि कुठे?

साध्या छायाचित्रणात टाळली जाणारी दुपारची वेळ इन्फ्रारेडसाठी उत्तम. सूर्य पाठीशी किंवा बाजूला असावा, आकाश निरभ्र आणि त्यात ढगांचे पुंजके. ढगांनी पूर्ण झाकलेल्या आकाशात रंगाचा फरकच नसतो, म्हणून भर पावसाळ्यात रंगीत इन्फ्रारेडच्या नादी लागू नये. महाराष्ट्रात पाऊस ओसरल्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंतचे दिवस हाताशी धरावेत. सह्याद्रीचे गवत तेव्हा अजून हिरवे असते आणि आकाश धुतल्यासारखे स्वच्छ. किल्ल्यांचा बेसॉल्टचा दगड इन्फ्रारेडमध्येही काळसरच राहतो, त्यामुळे पांढऱ्या झाडीतून उठणारा काळा बुरूज विलक्षण उठावदार दिसतो. फाल्गुनात गवत वाळले की ते तांबडा प्रकाशही परतवू लागते आणि ५९० च्या फिल्टरमधले सोने हरपते. तेव्हा वड, आंबा यांसारख्या सदाहरित झाडांकडे वळावे.

मथळा खरा असावा

शेवटी एक गोष्ट, वृत्तपत्रात काम करणाऱ्याला विशेष जाणवणारी. अवरक्त प्रकाशाला मुळात रंग नाही. निळे आकाश, सोनेरी पाने, गुलाबी टेकडी ही सारी छायाचित्रकाराची निवड आहे. मात्र ती हवेतून काढलेली नाही. आकाश आणि पान यांच्यात खरोखर असलेल्या फरकावर ती उभी आहे. उपग्रहाचा नकाशा लाल जंगल दाखवतो तेव्हा शेजारी रंगांची सूची देतो, म्हणून तो खोटा ठरत नाही. हौशी छायाचित्रकारानेही चित्राखाली एवढे लिहावे: इन्फ्रारेड छायाचित्र, ७२० नॅनोमीटर, लाल-निळ्या चॅनेलची अदलाबदल.

या एका ओळीने चित्राची मोहिनी कमी होत नाही. 'हा बर्फ कुठला?' असे विचारणाऱ्याला मग खरे उत्तर मिळते, की हा बर्फ नाही, ही पाने आहेत आणि आपण रोज त्यांच्या सावलीतून जातो.